कड्यावरची सभा आणि ससिणीचा प्रश्न

मुलांनो, उंच कड्याखाली पसरलेल्या एका जंगलात एक ससीण राहत असे. तिच्या पिल्लाच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय सुजून टम्म झाला होता आणि अंग तापाने फणफणले होते. काय करावे, तिला सुचेना. नेमकी त्याच दिवशी सिंहाने कड्यावर सभा बोलावली. आजारी प्राण्यांची काळजी कशी घ्यायची, याचा कायदा ठरायचा होता. पिल्लाला बिळात निजवून ससीण धापा टाकत वर चढली.

कोल्हा म्हणाला, "ज्यानं औषधी मुळ्या खणून जमा केल्या, त्यालाच औषध मिळावं. नाहीतर आळशी मंडळी सगळं फस्त करतील आणि राबणारे बसतील तोंड बघत!"

"अरे, आजारपण काय विचारून येतं?" अस्वल म्हणाले. "सगळ्यांनी मुळ्या आणून माझ्या गुहेत ठेवाव्यात. ज्याला लागतील त्यानं वर येऊन न्याव्यात."

"तुझ्या गुहेत? मग त्यांना मध लावून तूच खाशील की!" माकड ओरडले आणि सगळे खो खो हसले.

दुपार कलली तरी वाद मिटेना. ससिणीला दोघांचेही पटत होते, पण तिचे सारे लक्ष बिळाकडे होते. शेवटी ती उठून म्हणाली, "दादांनो, माझं लेकरू खाली कण्हतंय. तुमच्या कायद्यात त्याला काय मिळेल, तेवढं सांगा."

कोल्हा घुटमळला. "त्यानं... बरं झाल्यावर मुळ्या खणाव्यात. मग..."

"आणि अस्वलदादा, तुमच्या गुहेपर्यंत ते चढेल कसं?"

अस्वलाने कड्यावरून खाली बिळाकडे वाकून पाहिले. सिंहाने सभेवरून नजर फिरवली. लंगडे हरीण आले नव्हते, म्हातारे साळिंदरही नव्हते. ज्यांना कडा चढता येत होता, तेवढेच जमले होते.

"आजाऱ्यांसाठी कायदा करतोय आणि आजारी एकही बोलावला नाही. चूक माझी," सिंह म्हणाला. "उठा. उरलेली सभा ससिणीच्या दारात."

सगळे खाली उतरले. कोल्ह्याने आपल्या टोकदार दातांनी काटा अलगद उपसला. अस्वलाने मुळी ठेचून लेप दिला. मग तिथेच, दबक्या आवाजात, कायदा ठरला. ज्यांना चालता-खणता येते त्यांनी मुळ्या आणाव्यात, अंगचोरांना कोल्ह्याने हटकावे, आणि ज्याला उठवत नाही त्याच्या दारी अस्वलाने औषध पोचवावे.

"पण मग जिंकलं कोण? कोल्हा की अस्वल?" माकडाने मोठ्याने विचारले.

"हळू बोला हो भाऊजी," ससीण म्हणाली, "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

तात्पर्य : दोन योजनांतली चांगली कोणती, हे ज्याला तिची गरज आहे त्याच्या उशाशी बसून ठरवावे.