खाडीच्या तळाचा नकाशा

संचालक रणदिवेसाहेबांनी रेवणखाडीच्या तळाचा नकाशा इंटरनेटवर टाकला. वर लिहिलं, ‘सर्वांसाठी खुला’. खाली अट घातली: लेखी परवानगीशिवाय वापरू नये, फक्त पाहावा.

नकाशाच्या उद्घाटनाला साहेब धाकू तांडेलाच्या होडीत बसले. पाहुण्यांच्या अकरा होड्या मागून निघाल्या. भर खाडीत धाकूने इंजिन बंद केलं.

“ओहोटी लागलीय, साहेब. पावसाळ्यात सरकलेला वाळूचा दांडा पुढे पाण्याखाली आहे. त्यातली वाट सकाळी तुमच्या नकाशात बघितली, पण वापरायला परवानगी नाही.”

साहेबांनी घाईघाईने चिठ्ठीवर परवानगी लिहून सही केली. धाकूने ती वाचून परत दिली.

“ही माझ्या एकट्याची झाली. मागच्या अकरांनी वाळूत रुतायचं का?”

साहेबांनी मागे वळून पाहिलं, मग कचेरीत फोन लावला आणि अटच काढायला लावली.

बाराही होड्या एका रांगेत सुखरूप पार झाल्या. पाणी उतरलं तसा मागे दांडा वर आला, थेट नकाशात दाखवलेल्या त्याच्या रेघेवर.

“इतका अचूक असेल असं मलाही वाटलं नव्हतं,” साहेब हळूच म्हणाले.

“वापरल्याशिवाय कसं कळणार, साहेब,” धाकू म्हणाला.