पडायलाही जागा नसलेलं झाड

राजांची नावंसुद्धा कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण शहाणपण त्यांच्यातच कमी असतं.

एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक बोडका डोंगर होता. उन्हाळ्यात त्याचा कातळ तव्यासारखा तापायचा. समुद्राकडून ढग यायचे, डोंगरावरून सरकत जायचे आणि पाऊस भलतीकडेच टाकायचे. गावाला मिळायची ती नुसती ढगाची सावली, तीही पळती.

मग गावात एक रीत पडली. कुणी मेलं की त्याच्या नावानं डोंगरावर एक झाड लावायचं. ते झाड म्हणजेच तो माणूस. त्याला पाणी घालायचं, घरातलं बरंवाईट सांगायचं आणि कुऱ्हाड कधी लावायची नाही. माणसं मरत राहिली, डोंगर भरत गेला.

आणि काय सांगावं, हवाच बदलली. तापलेला वारा झाडीत शिरायचा आणि गार होऊन गावात उतरायचा. पहाटेचं धुकं माथ्यावर अडायला लागलं. ढग रेंगाळायला लागले. कातळाच्या फटीतून एक झरा सुटला आणि गावातून वाहत खालच्या रानात गेला. म्हातारी माणसं त्यात पाय सोडून बसायची आणि म्हणायची, जितेपणी ज्यांनी घोटभर पाणी विचारलं नाही, ते मेल्यावर बघा कसे पाजतायत.

पण माणसाची जात ती. प्रत्येकाला आपला मेलेला शेजाऱ्याच्या मेलेल्यापेक्षा उंच हवा. सुरूचं झाड सरळ आणि झपाट्यानं वाढतं, म्हणून सगळे सुरूच लावायला लागले. माथा आभाळाला जवळ, म्हणून सगळे माथ्यावरच लावायला लागले. झाडाला झाड खेटलं. माझा सासरा तुझ्या सासऱ्याच्या डोक्यावरून बघतो, यावरून बाया पाणवठ्यावर भांडायच्या.

त्या गावात ठकूबाई नावाची एक विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा सुभाना ऐन उमेदीत तापानं गेला. त्याचं झाड तिनं आपल्या हातानं लावलं, डोंगर चढून घागरी नेल्या आणि जगवलं. रोज दुपारी ती वर जायची, खोडाला पाठ टेकायची आणि गाय व्याली, मिरच्या वाळल्या, असं सगळं त्याला सांगायची. तिला दुसरं कुणी नव्हतं.

पुढे झरा बारीक व्हायला लागला. गावानं काय केलं? आणखी झाडं लावली. झाडांनी पाणी आलं, तेव्हा जास्त झाडांनी जास्त येईल, असा सरळ हिशोब. ज्यांच्या घरी कुणी मेलं नव्हतं त्यांनी खापरपणजोबा आठवून काढले. झरा आणखी बारीक झाला. शेवटी एका वर्षी थंडी सरायच्या आतच तो आटला. पाटलानं दवंडी दिली, की पुढच्या पावसानंतरही हेच झालं तर गाव उठवायचं.

ठकूबाईला एकच घोर लागला. गाव उठलं तर माणसं जातील, गुरं जातील. सुभाना कसा येईल?

तिला झोप लागेना. उजाडता उजाडता ती डोंगर चढली. इतक्या सकाळी ती कधी वर आली नव्हती. दरीतून धुकं वर येत होतं, एखादं मोठं जनावर पाय न वाजवता येतं तसं. ते सुरूंच्या शेंड्यांत शिरलं. पानांच्या टोकाटोकाला थेंब धरले. सगळा माथा चमकायला लागला. ठकूबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. आपल्या मेलेल्यांनी आभाळ हातानं धरून ठेवलंय, असं तिला वाटलं.

पण थेंब वरच राहिले. दाटीत खाली यायला त्यांना वाटच नव्हती. जमिनीवर वाळक्या पानांचा थर होता. तिनं तो उकरला, तर खालची माती पिठासारखी कोरडी.

तशीच पुढे गेली, तर झाडीत एक उघडी जागा लागली. मागच्या वादळात खंडूनानाचं झाड तिथं पडलं होतं, पडताना शेजारची काही घेऊन गेलं होतं. नाना जन्मभर भांडलेला माणूस. लोक तेव्हा म्हणाले होते, मेल्यावरही शेजाऱ्यांना पाडल्याशिवाय याला चैन पडलं नाही.

त्या जागेत ठकूबाईचे पाय थबकले. काठाच्या झाडांवरून थेंब टपटप खाली पडत होते. गवत गुडघ्याला लागत होतं. जांभळाची, हिरड्याची रोपं उभी होती, ती कुणी लावली नव्हती, पाखरांनी टाकली होती. तिनं मातीत बोटं घातली. माती मनगटापर्यंत गार लागली. आणि एका दगडाखालून पाण्याची बारीक रेघ निघाली होती.

त्या भांडखोर म्हाताऱ्याला तिनं आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

गावात येऊन तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. झाडं विरळ करा म्हणाली. पाटील भडकला.

"ठके, डोकं फिरलंय तुझं. आजोबाला कुऱ्हाड लावू?"

"पाटील, आजोबा तहानेनं मरतोय तुमचा. सगळ्यांनी एकाच वाटीत तोंड घातलंय."

मागून कुणीतरी बोललं, "मग तुझ्या सुभानापासून सुरुवात कर की."

ठकूबाई तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुऱ्हाड घेऊन निघाली. ही काय तोडते, म्हणत अख्खं गाव मागं गेलं. ती नेहमीसारखी खोडाला टेकून बसली. झाड अगदी दाटीत, हाताच्या मुठीत मावेल एवढ्या खोडाचं, वरती हिरवा झुबका तेवढा. बराच वेळ ती हळू आवाजात काहीबाही बोलत राहिली. शेवटचं तेवढं लोकांना ऐकू आलं.

"सुभाना, सरक बाबा जरा. बाकीच्यांना श्वास घेऊ दे."

आणि तिनं घाव घातला. बुंधा सुटला, पण झाड पडलं नाही. शेजारच्या झाडांत अडकून तसंच तिरपं उभं राहिलं. त्याला पडायलाही जागा नव्हती.

ते बघून पाटलाची मान खाली गेली. तो पुढे झाला, झाडाला दोर बांधला आणि ओढायला लागला. मग बाकीच्यांनी हात लावला. झाड खाली आलं आणि कैक वर्षांत त्या मातीनं न बघितलेलं ऊन तिच्यावर पडलं. पाटील वर बघत म्हणाला, "माझा आजोबा बघा कसा काटकुळा झालाय."

त्यानंतर दर वर्षी थोडी झाडं निघाली. मोकळ्या जागांत जांभूळ, हिरडा, बांबू लावला. काहींच्या अंगात इतकं संचारलं, की सगळा माथाच साफ करायला निघाले. ठकूबाई त्यांच्या आडवी उभी राहिली. म्हणाली, लावताना अक्कल गहाण टाकली होती, आता तोडतानाही टाकू नका.

पुढच्या पावसानं झरा थंडीभर टिकला. काही वर्षांनी तो उन्हाळाभर वाहायला लागला. ढग माथ्यावर उतरायचा आणि पाझरत पाझरत गावापर्यंत यायचा. भर वैशाखात डोंगरापलीकडच्या गावांची माणसं थांबून विचारायची, हा गार वारा येतो तरी कुठून. गाव उठलं नाही.

ठकूबाईचा शेवट जवळ आला तेव्हा पाटलानं विचारलं, तुझं झाड कुठं लावू. ती म्हणाली, "माझ्या नावानं लावू नका. दाट झालं असेल तिथलं एक काढा."

त्यांनी तसंच केलं. तेव्हापासून त्या गावात कुणी गेलं, की माणसं रोप आणि कुऱ्हाड दोन्ही घेऊन वर जातात, आधी डोंगर नीट बघतात आणि मग हातात काय घ्यायचं ते ठरवतात.

बोध एवढाच: रान नुसतं लावून भागत नाही, जीव जडलेलं झाडही वेळेला काढायची ज्याची तयारी असते, त्याच्याच डोंगरावर ढग थांबतो.