साळूबाईचं ‘इतर’

कोणी म्हणता कोणी साळूबाईचं खरं मानेना!

“अहो, दिवसभर उभी होते मी! पाण्याचा तांब्या हातात धरून! पाय बघा, भोपळे झालेत भोपळे!” ती भर दरबारात ओरडली.

पण पाय बघतंय कोण! सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर रिपोर्ट होता, आणि रिपोर्टात सगळ्यांत वर लिहिलं होतं: साळूबाई, पाणीवाली. काम: इतर. वेळ: सकाळपासून आत्तापर्यंत. खटले रखडले होते, म्हणून तळाला ‘उशिरास जबाबदार’ असा एक रिकामा रकाना होता. त्यात तिचं नाव बसवायला प्रधानजींची बोटं शिवशिवत होती.

चांदणगडच्या धैर्यधर महाराजांनी दरबारात संगणक आणला होता. कुठल्या खटल्यावर कोण किती वेळ घालवतं ते कळावं म्हणून. काम सुरू केलं की बटण दाबायचं, यादीतला खटला निवडायचा, काम संपलं की पुन्हा दाबायचं. महाराज स्वतःसुद्धा इमानदारीत बटण दाबायचे. यादीत बांधाचा खटला होता, चोरलेल्या बोकडाचा होता, मोडलेल्या सोयरिकीचा होता. ‘पाणी’ मात्र कुठेच नव्हतं! मग साळूबाई आपली तळाशी असेल ते दाबायची. तळाशी होतं ‘इतर’.

“इतर म्हणजे काय ते कळतं का?” महाराज गरजले. “काम सोडून इतर!”

“यंत्र खोटं बोलत नाही,” प्रधानजींनी री ओढली.

“त्याला तहान लागत नाही ना, म्हणून!” साळूबाई बोलून गेली. तिचं तोंड नेहमी तिच्या पुढे धावायचं, आणि मार मात्र मागून येणाऱ्या साळूबाईला पडायचा.

महाराज हट्टाला पेटले. “असं? मग ह्याच यंत्रातून, एकही आकडा न बदलता, असा रिपोर्ट काढून आण की ज्यात सगळ्यांत रिकामटेकडी तू नाहीस! दिवेलागणीच्या आत! नाही जमलं तर तांब्या खाली ठेवायचा आणि घर गाठायचं. ज्याचं ‘इतर’ सगळ्यांत जास्त, त्याला या छपराखाली जागा नाही. राजाचा शब्द आहे!”

“आणते की!” साळूबाई म्हणाली.

आणि बाहेर येऊन तिनं कपाळावर हात मारला. अगं बये, काय आणतेस? डोंबल? शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत ती दोनदा बसली होती, म्हणून पाचवी झाली असं लोकांना सांगायची, एवढंच!

कारकून दासोपंतांनी तिला यंत्रापुढे बसवलं. “जपून हं, बाई.”

साळूबाईनं जपून पहिलं बटण दाबलं. नावांचा रकाना गडप झाला.

“बाई! सगळा दरबार पुसलात!”

“चांगलं झालं, जरा शांतता होईल. आणा परत.”

परत आणला. मग तिनं नावं उलटी लावली. साळूबाई झाली सगळ्यांत खाली! ती टाळ्या पिटणार, तेवढ्यात दासोपंत म्हणाले, “खाली आलात, पण तुमचे तास तेवढेच आहेत.”

“मेलं माझं डोकं! तांब्या बरा, त्यात निदान पाणी तरी असतं.” ती पदरानं घाम पुसू लागली, आणि तिची नजर कोपऱ्यातल्या एका चौकटीवर गेली. चौकटीत बरोबरची खूण होती. “हे काय लिहिलंय? ‘फ-क्त से-वक’?”

“म्हणजे रिपोर्टात फक्त सेवक दिसतात.”

“आणि सेवक नाही तो?”

“तसा इथे एकच आहे,” दासोपंत बोलले आणि पांढरेफटक पडले. “बाई, नको! बाई!”

साळूबाईनं खूण काढली.

दिवे लागले. दरबार भरला. पडद्यावर नवा रिपोर्ट आला, आणि प्रधानजींना एकदम खोकला सुटला. साळूबाई दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्यावर होते महाराज. काम: इतर. वेळ: दरबार उघडायच्याही आधीपासून!

“ही काय थट्टा?” महाराज सिंहासनावरून उठलेच. “मी दिवसभर रिपोर्ट बघत होतो!”

“तेच म्हणते मी. यादीत ‘रिपोर्ट बघणे’ असा खटला कुठाय? आपणही तळाचंच बटण दाबलंत!” साळूबाईनं पदर खोचला. “आपण पाणी मागितलंत. मी आले, बटण दाबलं. आपण म्हणालात, ‘थांब गं, एवढा रकाना सरकवतो.’ मी थांबले. मग त्याला रंग दिलात. मग रंग पुसलात. आपण पाणी पिणार तेव्हा माझं बटण बंद होणार! माझं इतर आपल्या इतराच्या पोटात आहे, महाराज. आणि बांधवाले नि बोकडवाले बाहेर चिंचेखाली वाळतायत, ते वेगळंच!”

साळूबाईच्या मनात आलं, गेलं! आता तांब्याही गेला आणि मुंडकंही!

महाराजांनी पडद्याकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि असे काही हसत सुटले की त्यांना ठसका लागला.

“पाणी! अगं, पाणी दे!”

“थांबा, एवढा रिपोर्ट बघते!”

मग तर प्रधानजीही हसले. पोटभर पाणी पिऊन महाराज म्हणाले, “यादीत सगळ्यांत वर ‘पाणी’ लिहा! आणि साळूबाईला बसायला गादीचा चौरंग द्या, आजपासून ती बसून वाट बघेल. राहिला माझा शब्द. मला या छपराखाली जागा नाही! चला, उद्यापासून खटले चिंचेखाली ऐकतो.”

“आणि हा रकाना, महाराज?” दासोपंत चाचरले. “उशिरास जबाबदार?”

“तिलाच लिहू दे!”

साळूबाई नव्या चौरंगावर ऐसपैस बसली. एका बोटानं एकेक अक्षर हुडकू लागली. पहिल्याच अक्षराला दोन मात्रा, त्यात एक राहिली, मग दुसरी दिली. रफाराशी तर कुस्तीच झाली. अख्खा दरबार श्वास रोखून बघत होता. शेवटी पडद्यावर नाव उमटलं: धैर्यधर.