धाकट्याचा फोन

"मोबाइलला लावायला अंगारा मिळेल का, बाबा?"

टेकडीवरच्या मठीत हंसगिरी गोसाव्यांना हे विचारणारा माणूस म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचा बडा इंजिनियर, चंद्रहास खासनीस. धापा टाकत वर आला, बाबांनी पुढे केलेलं तांब्याभर पाणी घटाघट प्यायला, मग कुठे नाव-गाव सांगितलं आणि हे मागितलं.

बाबांचा राग साधासुधा नव्हे. ते ओरडले की चिंचेवरची वटवाघळं दचकून सुलटी बसत. खोटं वाटेल त्याने वटवाघळांना विचारावं.

पण बाबा अजून शांत होते.

"कशासाठी?"

"धाकटा भाऊ छळतो. आईच्या दहाव्याला फिरकला नाही आणि आता फोनवर फोन! नंबर अडवला, तर टपरीवाल्याच्या मोबाइलवरून. तो अडवला, तर कुठल्याशा रिक्षावाल्याच्या."

"अडवतोस कसा?"

खासनिसांची छाती फुगली.

"नव्या यंत्रणेत आवाजाच्या आधी माणसाची माहिती पोचते, बाबा. नंबर कुठला, कुणाचा. ती वाचूनच यंत्र ठरवतं, जोडायचं की तोडायचं. मला रिंगसुद्धा ऐकू येत नाही. पलीकडे एक बाई गोड आवाजात सांगते, साहेब दुसऱ्या कॉलवर आहेत."

"असतोस?"

"छे!"

"आणि त्याला सांगायचं काय असतं?"

"मला काय ठाऊक? तोंड उघडायच्या आत तोडतो ना!"

बाबा उठले. चिंचेवर खळबळ झाली.

"पाणी परत दे."

"अं?"

"माझं पाणी! तांब्याभर. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, ते... प्यायलो मी."

"नाव न विचारता दिलं! मीच गाढव. कोण, कुठला, काही पाहिलं नाही... काढ बाहेर!"

आता खासनीसही भडकले. चप्पल पायात सरकवत ओरडले,

"गोसावी आहात की कोण? दारात तहानलेला माणूस उभा राहिला, तर आधी त्याचं नाव विचारतात का?"

आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

...

खिशात फोन थरथरला. खासनिसांनी काढून पाहिला. अनोळखी नंबर.

"तोच असणार..." ते पुटपुटले. अंगठा सवयीने लाल खुणेकडे गेला आणि तिथेच अडखळला. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी माठात तांब्या बुचकळला, काठोकाठ भरला आणि वाजणाऱ्या फोनसमोर असा दाणकन ठेवला, की अर्धं पाणी खासनिसांच्या पायांवर सांडलं.

"आधी पाणी," बाबा गरजले, "नाव मागाहून!"