येसबा मापाड्याची न मोजलेली शिक्षा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेंदोळं गावाच्या विहिरीला तेव्हा कठडासुद्धा नव्हता. त्या गावात येसबा नावाचा मापाडी राहायचा. खळ्यावर बसून रास मोजून द्यायची, हे त्याचं काम. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, मग तीन. येसबाने खळ्यावर लाभ म्हटलं की ओढ्यापलीकडच्या बायका हातातलं काम थांबवून ऐकायच्या, असं म्हणतात. दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. सख्ख्या भावाच्या राशीतही त्याने कधी मूठभर जास्त घातलं नाही. आणि एकदा तोंडातून आकडा गेला की तो मागे घ्यायचा नाही, हा त्याचा बाणा होता. हाच बाणा पुढे त्याला नडला, ते ऐका आता.

असा माणूस हुतुतूचा पंच नाही होणार तर कोण होणार? चैत्रातल्या जत्रेला वरची आळी आणि खालची आळी यांचा सामना रंगायचा. हुतुतू म्हणजे तुमच्या कबड्डीची थोरली बहीण. एका दमात हुतुतू म्हणत पलीकडे शिरायचं, गडी शिवायचा आणि दम सुटायच्या आत परत फिरायचं. जो बाद होईल त्याने मैदानाकडेच्या लांबट काळ्या दगडावर जाऊन बसायचं. आपल्या बाजूने समोरचा एक टिपला की दगडावरचा एक उठून परत खेळात यायचा. त्यामुळे दगडावर बसलेला गडीही डोळे लावून बसायचा, की आता आपल्याला उठवतील.

वरच्या आळीत शिदू होता. अंगाने दांडगा, बोलायला कमी आणि डोक्याने तापट. खालच्या आळीत खंडू होता, येसबाच्या विधवा बहिणीचा एकुलता एक लेक, मामाच्याच घरात वाढलेला. त्या वर्षी खंडूने शिदूला तीनदा दगडावर बसवलं, आणि तिन्ही वेळा दात काढून हसला. हसू नये, पण हसला खरा. चौथ्या खेपेला खंडू पकडीत सापडला, त्याचा दम सुटला, खेळ थांबला. तो मातीत पडलेला असताना शिदूने सगळ्या गावादेखत त्याच्या गुडघ्यावर टाच हाणली. हाड मोडल्याचा आवाज देवळाच्या पायरीपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात.

मैदान पेटलं. लाठ्याकाठ्या निघाल्या. येसबा मधोमध उभा राहिला तेव्हा कुठे माणसं थांबली. शिदू पळाला नाही. मान खाली घालून जवळ आला.

"चुकलो," तो म्हणाला. "किती, पंच?"

रिवाज ठरलेला होता. ढकललं तर एक जत्रा बाहेर बसायचं, दात पाडला तर दोन, हाड मोडलं तर तीन. येसबाला हे झोपेतही सांगता आलं असतं. पण समोर खंडू विव्हळत होता, बहीण ऊर बडवत होती, आणि त्या घटकेला पंच बाजूला राहिला नि मामा बोलला.

"तुझ्या शिक्षेला माप नाही. बस."

शिदू दगडावर जाऊन बसला.

त्याच सुगीत नवल घडलं. येसबा माप भरायचा, हाताने सपाट करायचा, आणि हात काढताच वरच्या दाण्यांत खळगा पडायचा. माणूस बसून उठल्यावर गवतात पडतो ना, तसा. पुन्हा भरा, पुन्हा खळगा. माप बदलून पाहिलं, सुताराला दाखवलं, देवाच्या पायाला लावलं. खळगा काही जाईना. तो कशाचा, हे येसबाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तोंडाने कबूल करणं वेगळं.

शिदू मात्र दर जत्रेला यायचा. धोतराचा काचा मारून, अंगाला माती लावून, खेळायला आल्यासारखा. दगडावर बसायचा. त्याच्या शेजारचे उठायचे, खेळायचे, पुन्हा बसायचे. संध्याकाळी गुलाल उधळून माणसं देवळाकडे गेली की हा येसबासमोर यायचा आणि एवढंच विचारायचा, "किती राहिलं, पंच?"

येसबा धोतर झटकून चालू लागायचा.

तिसरी जत्रा झाली. खंडूचा पाय तोवर सावरला होता. थोडा लंगडायचा, पण नांगर धरायचा. तोच मामापुढे येऊन बसला. म्हणाला, हाडाला तीन जत्रा, त्या भरल्या. मी हसलो नसतो तर तो तापला नसता, तेही खरं. आता त्याला उठवा. येसबाने नेहमीचं सांगितलं, की तोंडातून गेलेला आकडा मी मागे घेत नाही.

"मामा," खंडू म्हणाला, "तुम्ही आकडा दिलाच कुठे? मग मागे काय घ्यायचं?"

 बघू पुढच्या जत्रेला, एवढं येसबा पुटपुटला. अरे बाबा, त्याच दिवशी उठून वरच्या आळीत गेला असता तर! चार पावलांवर तर होती. पण मोठ्या माणसाला ती चार पावलं फार लांब पडतात. चौथी जत्रा गेली, पाचवी गेली. पंचाने वळून पाहिलं नाही. सहाव्या वर्षी माघात तापाची साथ आली आणि शिदू तिच्यात गेला. तापात बरळतानाही किती राहिलं, किती राहिलं, हेच विचारत होता म्हणतात.

त्या चैत्रात येसबा मैदानात आला तो माप काखेत मारून. गाव गोळा झालं होतं. त्याने ओंजळीने मापात माती भरली, रिकाम्या दगडापुढे तीनदा ओतली आणि दर मापाला खळ्यावरच्या आवाजात पुकारलं, "लाभ. दोन. तीन." मग दगडाकडे वाकला. "झालं, शिदू. कवाच झालं होतं. ऊठ आता."

तेव्हा भर दुपारी, मैदानात कुणीही गडी नसताना, एका दमाचं हुतुतू ऐकू आलं. दगडाकडून निघालं, मैदान पार करून गेलं. सगळ्यांनी कान टवकारले. पण ते परत आलं नाही, असं म्हणतात.

येसबा त्या दगडावर बसला. पंचाचं काम त्याने पुन्हा केलं नाही. दर जत्रेला येऊन तो शिदूच्या जागी बसायचा. माणसं म्हणायची, येसबा, पुरे झालं, उठा. तो म्हणायचा, मला उठवणारा गेला. बसल्या जागीच म्हातारा झाला आणि तिथूनच गेला. त्याच्या मापातला खळगा शेवटपर्यंत बुजला नाही.

ते माप देवळात आहे. आजही शेंदोळ्यात कुणी कुणाला खेळात इजा केली, तर पंचाने आधी माप मागवायचं आणि सगळ्यांसमोर जत्रेमागे एक माप माती मोजून शिक्षा सांगायची. जखमी माणूस पंचाचा नातेवाईक असेल, तर मोजायला दुसरा माणूस. शिक्षा भरली की ज्याला लागलं होतं त्यानेच जाऊन दगडावरच्याला हात द्यायचा.

आणि जत्रेच्या सामन्यात पहिला गडी टिपला, तेव्हा टिपणाऱ्या आळीचं उठवायला दगडावर कुणीच नसतं. तरी दोन्हीकडचे गडी दगडाच्या, शिदू बसायचा त्या रिकाम्या टोकाकडे तोंड करून म्हणतात, "ऊठ, शिदू." मग खेळ थांबतो. फार नाही, एक माणूस उठून मैदानात येईल एवढाच वेळ.