चुन्याच्या रेघेपलीकडे

“मग ओरखडे येतात कुठून?” माईंनी विचारलं.

“तेच विचारायला आलेय मी,” रेवती म्हणाली. “मला उलटा प्रश्न नकोय, माई. उत्तर हवंय.”

मठाचे जुने सेवेकरी तातू खोत यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. खाडीकाठच्या त्या मठात माईंशी असं कोणी बोलत नसे. मोठमोठे लोक यायचे, पायरीवर डोकं टेकायचे, आणि माईंनी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी तृप्त होऊन जायचे. रेवतीला त्या ‘हं’चा भारी राग होता.

माई हसल्या. होडी चढवायच्या उताराच्या कडेला, उंडीच्या झाडाच्या सावलीत त्यांची खुर्ची होती. पाय कधीचे गेले होते त्यांचे. रोज सकाळी रेवती त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायची, तेव्हा त्यांचा दिवस उजाडायचा.

समोर भरतीचं पाणी तुडुंब. मठाची पांढरी होडी काठावरच्या कडीला बांधलेली, डुलत होती. रेवती नुकतीच ती पलीकडच्या बेटावरून घेऊन आली होती. बेटावर ना दवाखाना, ना पूल. तापाने फणफणलेलं पोर असो की दिवस भरलेली बाई, यायचं ते याच होडीतून.

ओहोटीला काठाशी नुसता चिखल उरे. म्हणून फेरी झाली की पाणी उतरायच्या आत होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून वर घ्यायची, ही रोजची रीत.

आणि रोज तिच्या बुडावर नवे ओरखडे उठत होते.

“जुन्या होडीचं काय झालं ते विसरलात सगळे?” रेवती म्हणाली. “असेच ओरखडे होते. आधी केसासारखे, कोणी लक्ष दिलं नाही. मग त्यातून पाणी मुरलं, फायबर फुगलं आणि भर पावसात बूड उकललं. आणि बेटावरची ती बाळंतीण... काठावर वाट बघत बघत गेली.”

तिने डुलणाऱ्या होडीकडे बोट केलं.

“ही होडी मी तशी जाऊ देणार नाही.”

“होडयेचो काय दोष नाय,” तातू म्हणाले. “चालवणारो बदलूक होयो. माई, ह्या पोरीक घाई भारी. हात जड. होडी माज्या हातात परत द्या. एक जरी ओरखडो दिसलो, तर मिशी उतरवीन.”

“तातूकाका, जुनी होडी कोण चालवायचं?”

तातूंना अचानक खोकला आला.

“काय काय करून पाहिलंस?” माईंनी विचारलं.

रेवतीने धडाधड सांगितलं. इंजिनिअरिंगची पदवी काही तिने भिंतीवर टांगायला घेतली नव्हती. ट्रॉलीवर ज्या दोन लांब फळ्यांवर होडीचं बूड टेकतं, त्यांच्यावर सभामंडपातला जुना जाड गालिचा ठोकलेला होता. तो तिने उपटून काढला. गालिचा दिसायला मऊ, पण वाळू पोटात धरून बसणारा. वरून होडी सरकली की त्याचीच कानस व्हायची. त्या जागी तिने पातळ, घट्ट विणीचं कार्पेट लावलं. फळ्यांमधून डोकी वर काढून बसलेले बोल्ट खोल बसवले. होडी चढवण्याआधी दर वेळी कार्पेट धुतलं, बूड धुतलं.

“गालिचो देवाघरचो होतो,” तातू पुटपुटले.

“म्हणूनच येईल त्या वाळूला आसरा देत होता.”

माईंच्या ओठांचा कोपरा हलला. “ओरखडे कमी झाले?”

“झाले.”

“थांबले?”

रेवतीने ओठ चावला.

“... नाही.”

“घाई!” तातू म्हणाले. “मी काय सांगत होतंय?”

रेवतीने माईंकडे पाहिलं. आता येणार, ती मनात म्हणाली. आता ‘धीर धर बाळ’ येणार. म्हाताऱ्या माणसांकडे सगळ्या रोगांवर हे एकच चूर्ण असतं.

माई म्हणाल्या, “मला खाली बसव.”

“काय?”

“खाली. या फरशीवर.”

“माई, पाणी उतरायला लागेल. होडी अजून...”

“बसव.”

रेवतीने त्यांच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि त्यांना अलगद उचलून फरशीवर ठेवलं. माईंनी पदर सारखा केला.

“आता खुर्चीपर्यंत ने. पण उचलायचं नाही.”

“मग?”

“ओढ.”

तातूंनी डोळे वटारले. रेवती बघतच राहिली.

“या खरखरीत दगडावरून? माई, सोलून निघाल!”

“तातू, खुर्चीवरची गादी घाल रे माझ्याखाली. मऊ आहे.”

तातूंनी गादी घातली. माई तिच्यावर सरकल्या, मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसल्या.

“ओढ.”

रेवतीने दात आवळले. माईंच्या मागे जाऊन त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. गादी दगडाला चिकटून जागच्या जागीच राहिली. माईंचं अंग तिच्यावरून वीतभर घासत सरकलं. माईंनी आवाज केला नाही, पण त्यांची मान आखडली.

रेवतीने हात सोडले.

“गादी घातली म्हणून काय झालं!” ती ओरडली. “तुमचं सगळं ओझं त्या गादीवर, आणि मी तुम्हाला तिच्यावरून फरफटवतेय! अंगाला जखम होईल. हे काय चाललंय, माई? मी होडीचं विचारतेय आणि तुम्ही...”

तिने वाकून माईंना उचललं. एका दमात, रोजच्यासारखं. अंग वर आलं, कुठेही काही घासलं नाही, आणि माई खुर्चीत टेकल्या.

रेवती तशीच वाकलेली राहिली.

पाणी काठाला चुबुक चुबुक वाजत होतं...

मग ती वळली. होडीकडे पाहिलं. ट्रॉलीकडे पाहिलं. ट्रॉलीच्या टोकाला होडी ओढून घेण्याचा हातरहाट होता, त्याच्या घट्ट तारेकडे पाहिलं. आणि शेवटी तिची नजर खाली, उतारावर आडव्या ओढलेल्या चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर गेली.

ती महाराजांची रेघ.

चाकाच्या बेरिंगांना खारं पाणी लागू नये, म्हणून मठाच्या थोरल्या महाराजांनी ती घालून दिली होती. ऐन भरतीचं पाणी जिथवर येतं, त्याच्या बोटभर वर. महाराज गेले, ट्रॉल्या बदलल्या, होडी लाकडाची होती ती फायबरची झाली. पण ट्रॉलीचं चाक कधी रेघेपुढे गेलं नाही. दर गुरुपौर्णिमेला तातू नवा चुना कालवून रेघ ओढत आणि वर जास्वंदीचं फूल ठेवत. ट्रॉली रेघेवर थांबायची, होडीचं नाक फळ्यांच्या टोकाला लागायचं, आणि तिथून पुढे अख्खी होडी हातरहाटाने खेचून फळ्यांवर चढवायची. करकर, करकर. तो आवाज रेवतीने रोज ऐकला होता. सगळ्यांनीच ऐकला होता. तातू तर म्हणायचे, होडी महाराजांचं नाव घेते.

“माई,” रेवती हळूच म्हणाली, “होडी ओढायचीच नाही. उचलायची.”

“उचल की!” तातू म्हणाले. “हत्तीण आसा ती. उचल, आमीय बघतो.”

“मी नाही, काका. पाणी उचलेल. त्याला तेवढंच तर काम आहे. फळ्या पाण्याखाली गेल्या की होडी तरंगत येईल आणि त्यांच्यावर उभी राहील. ओझं पाण्यावर, फळ्यांवर नाही.”

“फळयो पाण्याखाली म्हंजे... चाकां?”

“चाकंही.”

“आणि रेघ?”

रेवतीने उत्तर दिलं नाही. ती माईंसमोर येऊन उभी राहिली.

“माई, परवानगी द्या.”

माईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले.

“माई, पाणी ठरलंय. आता ओहोटी लागेल. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!”

माई ‘हं’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

“ठीक आहे,” रेवती म्हणाली.

ती ट्रॅक्टरवर चढली.

“ए गो! थांब! खुळी झालंस काय?” रोजच्या सवयीने कडीतून सोडलेली होडीची दोरी हातात धरून तातू ओरडत होते. “थोरल्या महाराजांचो शब्द आसा तो! बेरिंगां सडतली!”

ट्रॅक्टर मागे आला. ट्रॉलीचं चाक रेघेला टेकलं. क्षणभर तिथेच राहिलं, आणि मग रेघेवरून गेलं. टायरवर पांढरा पट्टा उमटला. पुढच्याच वळशाला खाडीने तो धुऊन टाकला.

चाकं बुडाली. फळ्या बुडाल्या. रेवतीच्या अंगात वारं शिरलं होतं. ती आणखी मागे गेली.

तातूंचा घाईचा आरोप अगदीच खोटा नव्हता. ट्रॉली फार खोल गेली. फळ्या इतक्या खाली राहिल्या की होडीला त्यांचा आधारच मिळेना. तेवढ्यात ओहोटी लागली, पाण्याने होडीची शेपटी धरली आणि ती आडवी फिरू लागली. थेट ट्रॉलीच्या लोखंडी खांबाच्या अंगावर.

“आडवी जाता गो! आडवी जाता!”

रेवतीने ब्रेक लावला, खाली उतरून चाकामागे धोंडा सरकवला आणि पाण्यात उडी घेतली. पण होडीची ती बाजू लांब होती. तिचा हात पोचणार नव्हता.

खांबापाशी धप्पकन आवाज झाला. होडी आदळल्याचा नव्हे.

तातू होते. धोतरासकट, कमरेएवढ्या पाण्यात. जन्मभर जी रेघ ओढली तिच्यापलीकडे उभे. खांब आणि होडी यांच्यामध्ये त्यांनी आपला खांदा घातला होता.

“बघत काय रवलंस? तुजी बाजू धर!”

रेवतीने धरली. दोघांनी मिळून होडी सरळ केली. मघाशी जी हत्तीण होती, ती पाण्यात तळहाताच्या धक्क्याने वळत होती.

“लय खोल घातलंस!” तातू ओरडले. “ट्रॅक्टर पुढे घे. जरासोच! फळयो बुडाक लागतीत इतकोच!”

“तुम्ही धराल एकट्याने?”

“तुज्या जन्माआधीपासून धरतंय. जा!”

ती धावत वर गेली, धोंडा काढला, ट्रॅक्टर तसूतसूने पुढे घेतला. फळ्या खालून वर आल्या आणि कोंबडी अंड्यांवर बसावी तशी होडी त्यांच्यावर बसली. करकर नाही. कसलाच आवाज नाही. रेवतीने हातरहाटाची तार लावली आणि उरलेला ढिलेपणा दोन बोटांनी गुंडाळला.

ट्रॉली वर आली. पाणी निथळलं.

रेवती होडीखाली आडवी झाली. तळवा बुडावर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली. जुने ओरखडे तिला पाठ होते. एकेकाला बोटाने ओळखत गेली. बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि चेहरा भरतीसारखा भरून आला होता.

“एकही नवीन नाही!”

तातूंनी स्वतः वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग उभे राहिले आणि धोतराचा सोगा पिळू लागले.

“आणि चाकां? ती सडतली त्याचा काय?”

“दर फेरीला गोड्या पाण्याने धुईन. ग्रीस भरीन. तरी सडली तर बदलू, काका. चाक तालुक्याला मिळतं.”

“गिरीसात हात घालशील तू?”

“कोपरापर्यंत.”

तातूंनी तिच्याकडे पाहिलं. हसावं की नाही हे मिशीला ठरवता येईना. मग त्यांची नजर उतारावर गेली. रेघ मधोमध तुटली होती. ते गंभीर झाले, माईंसमोर गेले आणि हात जोडले.

“माई, पोरीन रेघ मोडली. मीय मोडली, खोटा कशाक बोलू? ह्या बरोबर झाला की चुकीचा, आणि होडी आता कोणाच्या हातात रवतली, ता तुमीच सांगा. तुमी सांगशात ता मान्य.”

“हो, सांगाच,” रेवतीही पुढे आली. “आज गप्प बसायचं नाही, माई. निकाल द्या.”

माईंनी डोळे उघडले. तातूंच्या धोतरातून पाणी ठिबकत होतं. रेवतीच्या पायांशी थारोळं साचलं होतं. माई दोघांकडे आलटून पालटून बघत राहिल्या... मग त्यांनी आपल्या लुगड्याच्या निऱ्या चिमटीत धरून चाचपून पाहिल्या.

“इथे कोरडी मी एकटी,” माई म्हणाल्या. “मला कशाला विचारता?”