कमळाचा पाट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याला नाव होतं, पण ते आता कुणालाच आठवत नाही. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐका.

त्या राज्यात नदीकाठी एक कलाशाळा होती. कुणी तिथे रंग शिकायचं, कुणी माती, कुणी विणकाम, कुणी लाकूड. तीन वर्षं शिकायचं आणि शेवटी एक वस्तू घडवायची. पण परीक्षा गुरू घेत नसत. ती वस्तू गावातल्या एका घरी महिनाभर राहायला जायची. त्या महिन्यात घडवणाऱ्याने त्या घराकडे फिरकायचं नाही. महिना भरला की गुरू आणि शिष्य मिळून तिथे जात आणि घरातल्या माणसाला विचारत, "वस्तू कशी आहे?" चांगली आहे म्हटलं, की गुरू शिष्याच्या हत्यारावर शाळेची खूण कोरत. खूण असलेल्या हाताला राज्यात कुठेही काम मिळे. खूण नसली, की कितीही शिका, दारातून परत.

त्या वर्षी शाळेत एका सुताराची पोर शिकत होती. पोरीच्या हातात लाकूड कोरायची पटाशी बघून भावकीने नाकं मुरडली होती. "लाटणं धर म्हणावं, तेही लाकडाचंच असतं," असं तिची सख्खी आत्याच बोलली होती. बाप मात्र हटला नाही. फक्त निघताना म्हणाला, "तीन वर्षं, पोरी. तीन वर्षांत खूण घेऊन ये. चौथ्या वर्षी सगळ्यांची तोंडं माझ्याच्यानं धरवणार नाहीत."

पोर काही कमी नव्हती. तिने लाकडात कोरलेल्या पाखरापुढे मांजर दबा धरून बसायचं. आणि त्या वर्षी राजाच्या नव्या रथाचं काम निघणार होतं. सात वर्षं पुरेल एवढं काम, पण घेणार फक्त खूणवाले. पोरीला झोपेतही रथाची चाकं दिसायची.

तिच्या वाट्याला गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीचं घर आलं. म्हातारी एकटी होती. तिचे गुडघे गेलेत हे सगळ्या गावाला माहीत होतं.

गुरू म्हणाले, "जा, तिला काय हवं ते बघून ये."

पोर गेली. म्हातारीला बसायला पाट करायचा, हे तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं. तिने बसायचा कोपरा मापला. भिंतीचा रंग बघितला, उजेड कुठून येतो ते बघितलं. म्हातारीने गूळपाणी दिलं आणि चुलीपाशी उभी राहिली.

"आजी, बसा ना तुम्ही पण."

"पाहुणी घरात आणि मी बसू? शोभतं का?"

पोर होती तोवर म्हातारी उभीच राहिली. पोर गूळपाणी प्यायली आणि घरची सगळी मापं घेऊन परत आली.

मग ती दोन महिने पाटावर वाकून होती. जुनं सागवान. मधोमध सोळा पाकळ्यांचं कमळ, चार कोपऱ्यांत चार हंस, कडेने वेल. लाकडाला तेल पाजून पाजून असं केलं, की त्यात तोंड दिसावं. बरोबरची पोरं हातातलं काम टाकून बघायला आली. एकजण म्हणाला, "आता आम्ही परीक्षेला बसायचं की घरी जायचं, तेवढं सांग." पोर नुसती हसली. तिला ठाऊक होतं, असा पाट शाळेत आजवर झाला नव्हता.

पाट म्हातारीच्या घरी गेला. महिना भरला. गुरू आणि पोर दोघं निघाले. रथाच्या कामाची निवड चार दिवसांवर आली होती.

म्हातारी दारातच उभी होती. "या गुरुजी! ये गं! काय पाट केलास बाई, बघणाऱ्याचे डोळे निवतात."

आणि खरंच, पाट देव्हाऱ्यात होता. कमळावर बाळकृष्ण बसला होता, शेजारी अन्नपूर्णा. हंसांना हळदकुंकू लागलं होतं. गुरूंना भरून आलं. ते म्हणाले, "प्रत्यक्ष देवाने आसन केलं. याहून मोठी पसंती ती कुठली? दे तुझी पटाशी."

पोरीची छाती फुगली. तिने पटाशी दिली. गुरूंनी झोळीतून कोरणी काढली.

"थांबा, पोरीला कुंकू लावते," म्हातारी म्हणाली. करंडा खाली, जमिनीलगतच्या कोनाड्यात होता. तिने एक तळवा भिंतीवर टेकला, दुसरा मांडीवर. ओठ आवळले. अर्ध्यापर्यंत कशीबशी वाकली आणि उरलेली धप्पकन पडली. करंडा घेतला. उठताना आधी ओणवी झाली, मग गुडघ्यावर आली, मग भिंतीला धरून इंच इंच वर. भिंतीवर त्या जागी हाताचा काळा तेलकट डाग पडला होता. रोजचा, वर्षानुवर्षांचा.

पोरीने तो डाग पहिल्या दिवशीही बघितला होता. तिला वाटलं होतं, चुलीच्या धुराचा असेल.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बसता कशावर?"

"कशावर म्हणजे? जमिनीवर. जमीन काय पळून जाते?"

"आणि पाटावर?"

म्हातारीने कानाला हात लावले. "लक्ष्मीच्या कमळावर मी बूड टेकवू? अगं, नरकात तरी घेतील का मला!"

गुरू पटाशीची मूठ पुसत होते. त्यांच्या काही ध्यानात आलं नव्हतं. म्हातारी काही बोलणार नव्हती. एक रेघ कोरायचा अवकाश, की रथ, बापाची मान, आत्याचं बंद झालेलं तोंड, सगळं तिचं होतं. गप्प बसायचं होतं, बस्स. तेवढंसुद्धा जमलं नसतं का? पण तिची नजर त्या गुडघ्यांवरून हलेना.

तिने पुढे होऊन पटाशीवर हात ठेवला. "गुरुजी, नका कोरू."

"का गं?"

"हा बसायला केला होता. महिनाभरात यावर कुणी बसलंच नाही."

आता म्हातारी भडकली. "परीक्षा मी घेतेय का तू? मी चांगला म्हटलं ना? चांगलाच आहे. कोरा हो गुरुजी, पोरीला अक्कल नाही!"

"आजी, तुम्ही माझं मन राखताय."

"राखते! मग? वीस वर्षं दुखतायत माझे गुडघे, आणखी चार वर्षं दुखले तर काय आभाळ कोसळतंय? तुझा जन्म उभा राहतोय, दुखू देत की मेले!"

पोर तिच्या पायाशी बसली आणि तिच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. सुजून दगडासारखे झाले होते. "मी तुमची भिंत मापली, कोपरा मापला, उजेड बघितला. तुम्हाला तेवढं बघायचं राहिलं, आजी." म्हातारीने रागारागातच तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग तो काढलाच नाही.

गुरूंनी कोरणी झोळीत टाकली. "शाळेचं दार तुला उघडं आहे. रथाचं दार चार दिवसांनी बंद होईल. ते माझ्या हातात नाही."

"माहीत आहे, गुरुजी."

तिने बापाला निरोप धाडला, "खूण मिळत होती, मी घेतली नाही." तीन दिवसांनी उलट निरोप आला, "घेतली नाहीस तर काही कारण असेल. काम संपव मगच ये. तोंडं धरायला मी आहे." तो निरोप ऐकून पोर पहिल्यांदा मनसोक्त रडली.

मग ती म्हातारीच्याच घरी राहायला गेली. लाकडाला हात लावला नाही. भांडी घासली, अंगण सारवलं, भाकऱ्या थापल्या. आठव्या दिवशी भाकरी करपली आणि म्हातारीने तिला पहिली सणसणीत शिवी हासडली. तेव्हा पोरीला कळलं, आता आपण पाहुण्या राहिलो नाही. त्या दिवसापासून म्हातारी तिच्यासमोर बसू लागली, कण्हू लागली, भिंतीला धरून उठू लागली. आणि पोर बघू लागली.

तिने पहिल्यांदा चार पायांचं उंच आसन केलं. साधं, बिनफुलाचं. म्हातारीने बघितलं आणि मान हलवली.

"हा तर चौरंग. चौरंगावर पूजा मांडतात. मी नाही बसायची."

पूर्वीची पोर असती तर फुगून बसली असती. ही हसली. "मग देवाला किती पायांवर बसवत नाहीत, ते तरी सांगा."

म्हातारी विचारात पडली. "तीन पायांवर कधी बसवलेला बघितला नाही बाई."

पोरीने तीन पायांची तिवई केली. खालची जमीन खडबडीत होती, चार पाय तिच्यावर डुगडुगले असते. तीन पाय असे टेकले, की हलायचं नाव नाही. उजव्या बाजूला तळव्याने रेटा द्यायला गोल कड ठेवली. नक्षी म्हणाल तर लाकडाचे स्वतःचे पट्टे, तेवढेच.

म्हातारी बसली. उठताना सवयीने तिचा एक हात भिंतीकडे गेला आणि तसाच हवेत राहिला. ती उठली होती!

"अगं बाई!" म्हणून ती पुन्हा बसली. पुन्हा उठली. सात वेळा बसली, सात वेळा उठली, नव्या झोपाळ्यावरच्या पोरीसारखी. दोघी हसून हसून लाल झाल्या.

रीतीप्रमाणे पोर महिनाभर शाळेत जाऊन राहिली. महिना भरल्यावर गुरूंबरोबर आली. म्हातारी शेंगा सोलत तिवईवर बसली होती. तिवईला हळद सांडल्याचा डाग होता, एका पायाला चरा गेला होता. म्हातारी टुणकन उठली.

गुरू म्हणाले, "ही तिवई आम्हाला द्या. शाळेच्या दालनात चांगल्या वस्तू मांडून ठेवतो आम्ही."

"नाही मिळायची."

"अहो, आजवर सगळ्यांनी दिल्या. आनंदाने दिल्या."

"दिल्या असतील. त्यांना लागत नसतील." आणि म्हातारी पुन्हा तिवईवर जाऊन बसली, कुणी ओढून नेईल म्हणून दोन्ही हातांनी कड धरून.

दालनातल्या शेकडो वस्तू गुरूंच्या डोळ्यांपुढून गेल्या. सगळ्या देखण्या. एकीवरही चरा नाही. मग त्यांनी कोरणी काढली आणि पोरीच्या पटाशीवर खूण कोरली.

रथाचं काम पोरीला मिळालं नाही. ते गेलं ते गेलंच. पण ज्यांना उठताना भिंत लागायची, त्यांच्या घरांतून तिला बोलावणी येऊ लागली. अशी घरं राज्यात थोडी नव्हती, आणि तिला जन्मभर काम पुरलं. बाप तर पुढे तिच्याच हाताखाली रंधा मारायचा आणि ते चारचौघांत सांगायचा.

शाळेची रीतही त्या वर्षापासून बदलली. वस्तू कशी आहे, असं गुरू विचारीनासे झाले. ते विचारत, "वस्तू परत देता का?" घरातल्या माणसाने "नाही" म्हटलं, की शिष्य उत्तीर्ण.

तात्पर्य: ज्याच्यासाठी घडवायचं त्या माणसाला आधी बघायला शिका, हात मागाहून शिकला तरी चालतो.